फोटोतली मोटार कोणती, आणि मागे लिहिलेलं 'गोंडे, दोन माळा' म्हणजे काय?

तांबटलेन

नमस्कार मंडळी. नाशिकचं आमचं जुनं घर आता रिकामं करतोय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचा एक फोटो मिळाला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. फोटोत एक उघडी मोटार आहे, वर कापडी टप. पणजोबा काळी टोपी आणि लांब कोट घालून मडगार्डवर हात ठेवून उभे आहेत. मागच्या सीटवर दोन मुलगे आहेत, त्यातले धाकटे म्हणजे माझे आजोबा. गाडीच्या नाकावर मोठा हार आहे. दाराखालच्या फळीवर एक पितळी कळशी ठेवलेली आहे.

पणजोबांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मोटार 'शेवरलेट' होती असं घरात सगळे म्हणतात.

आता मागची बाजू. तिथे मोडीत लिहिलंय. शाई उडालेली आहे आणि वरचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. मोडी थोडीफार येणाऱ्या एका काकांनी मागे कधीतरी वाचून पेन्सिलीनं खाली देवनागरीत लिहून ठेवलं होतं, ते असं:

(फाटलेलं) वंडी – शहापूर – खर्डी – कसारा उलटी – इगतपुरी – घोटी – गोंडे दोन माळा – वाडी वऱ्हाड – वीर होळी

यावरून घरात ठरून गेलं की हा लग्नाचा फोटो. गोंडे आहेत, माळा आहेत, वऱ्हाड आहे, गाडीला हार आहे. कसाऱ्याच्या घाटात कुणाला तरी उलटी झाली, हेही घरच्या गोष्टींत जाऊन बसलं. पण फोटोत ना नवरी, ना नवरदेव, ना एकही बाई. मला ते लहानपणापासून खटकतं. गाडीबद्दल किंवा या नावांबद्दल कुणी सांगू शकेल का? पुढची आणि मागची बाजू, दोन्ही फोटो जोडलेत.

सातपूरकर

काय सुंदर फोटो आहे! मुलांचे चेहरे किती गंभीर. एक विनंती, कुणी सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. आमच्याकडे आजीचा एकुलता एक फोटो असाच गेला. आधी पुठ्ठ्यासकट नीट स्कॅन करून घ्या.

मॅग्नेटो

ताई, गाडी शेवरलेट नाही. ही फोर्ड मॉडेल टी आहे, आणि मी हे अंदाजानं म्हणत नाही.

पुढच्या आसाच्या वर बघा. गाडीच्या रुंदीत, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, कमानीसारखी एकच पाट्यांची स्प्रिंग आहे. ही टी ची खूण. शेवरलेटच्या स्प्रिंगा गाडीच्या लांबीच्या दिशेनं असायच्या. चाकांचे आरे लाकडी आहेत. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन्ही बाजूंना मिशांसारख्या दोन दांड्या दिसतात. त्यातली एक ठिणगी मागेपुढे करायची, दुसरी पेट्रोल कमीजास्त करायची. पायाजवळ ॲक्सिलरेटर नावाची गोष्टच या गाडीत नव्हती.

आता काळ. टी १९०८ ते १९२७ अशी बनली, दीड कोटी गाड्या. हेडलाइट विजेचे आहेत, म्हणजे १९१५ च्या अलीकडची. रेडिएटरची कड काळी आहे. ती १९१६ पर्यंत पितळी असायची आणि अशा फोटोत पांढरी चमकते. तेव्हा १९१७ ते १९२७ मधली समजा. काचेच्या दोन्ही बाजूंना कंदिलासारखे दोन छोटे दिवे दिसतात, ते रॉकेलचे. म्हणजे या गाडीला बॅटरी नव्हती, सेल्फ नव्हता, रोज हँडल मारूनच चालू करावी लागत असणार. हेडलाइट इंजिनातल्या मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर, चालायचे. गाडी हळू केली की उजेड मंद, पळवली की लख्ख.

स्टिअरिंग उजवीकडे आहे, कारण ब्रिटिश अमलाखालच्या देशांना फोर्डची गाडी कॅनडातल्या कारखान्यातून यायची.

घरात शेवरलेट का म्हणतात याचं कारण वेगळं असू शकेल. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला आणि शेवरलेट गावोगाव दिसू लागली. तुमच्या घरी नंतर एखादी शेवरलेट आली होती का?

तांबटलेन

अगदी! आजोबा स्वतः मोठेपणी चालवायचे ती शेवरलेट, असं आई म्हणते. म्हणजे दोन गाड्यांची एक होऊन बसली होती. शंभर वर्षांनी गाडीला तिचं नाव परत मिळालं, मनापासून आभार.

घोटीकर

ताई, तुमच्या काकांचा मान राखून सांगतो, 'गोंडे दोन माळा' नाही हो ते. ते गोंदे दुमाला आहे! आमच्या घोटीकडून नाशिकला निघालं की महामार्गावरच लागतं, आता तिथे सगळे कारखाने आहेत. त्याच्या पुढे 'वाडी वऱ्हाड' म्हणजे वाडीवऱ्हे. आणि 'वीर होळी' म्हणजे विल्होळी, नाशिकच्या अगदी तोंडाशी. मी या रस्त्यानं गेली तीस वर्षं ये-जा करतोय, वाचताक्षणी अंगावर काटा आला.

वऱ्हाड नाही आणि माळाही नाहीत. ही आग्रा रोडची गावं आहेत, ओळीनं, मुंबईकडून नाशिककडे.

तांबटलेन

घोटीकर दादा, मी हे वाचून उठून आईच्या खोलीत गेले. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग वरचं फाटलेलं 'वंडी'?

घोटीकर

भिवंडी. दुसरं काय असणार? जुना आग्रा रोड ठाण्याहून भिवंडी, पडघा करत शहापूरला येतो.

मोडीप्रेमी

काकांना दोष देऊ नका. मी मोडीचे वर्ग घेते, ही अडचण रोजची आहे. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे सरळ रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. त्यामुळे 'गोंदेदुमाला' हे सात-आठ फटकाऱ्यांचं एकच वेटोळं दिसतं, ते कुठे तोडायचं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. ज्याला गाव माहीत नाही तो ओळखीचे शब्द शोधणार. समोर हार घातलेली गाडी असल्यावर काकांना माळा दिसल्या, यात नवल नाही. आम्ही वर्गात सांगतो की मोडी वाचायला लिपी निम्मी लागते, उरलेलं निम्मं काम त्या मुलखाची ओळख करते.

एक करून बघा. खोलीत अंधार करा, फोटो टेबलावर पालथा ठेवा आणि मोबाइलची बॅटरी अगदी आडवी, कागदाला घासून जाईल अशी धरा. उडालेल्या शाईखाली टाकाचा दाब राहिलेला असतो, तो सावलीनं दिसतो. तसा फोटो काढून टाका. वरून फ्लॅश मारू नका.

निफाडची लेक

दुमाला म्हणजे काय पण? आमच्याकडे वडनेर दुमाला आहे, मला वाटायचं दुमजली घरांचं गाव असेल.

मोडीप्रेमी

दुमाला हा महसुली शब्द आहे. इनाम दिलेलं गाव, ज्याचा सारा सरकारात न जाता इनामदाराकडे जायचा. इनामं गेली, पण गावाच्या नावाला लागलेलं शेपूट राहिलं. तसंच बुद्रुक आणि खुर्द. फारसीतलं 'बुजुर्ग' म्हणजे मोठा, त्याचं आपल्या तोंडी बुद्रुक झालं. खुर्द म्हणजे लहान.

निफाडची लेक

मग आमच्या कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणेचं तेच. कसबा म्हणजे बाजारपेठेचं गाव, मौजे म्हणजे साधं खेडं. माझ्या लग्नात पाहुण्यांचा एक टेंपो चुकीच्या सुकेण्याला गेला होता, त्यामुळे हा फरक आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात तर अशा जोडनावांशिवाय पानच हलत नाही. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला, पिंपळगाव खांब. नांदूर शिंगोटे, नांदूर वैद्य, नांदूर मध्यमेश्वर. विंचूर म्हटलं की पुढे दळवी की गवळी विचारायचं. आणि ओझरच्या अलीकडचा 'दहावा मैल'! मैल जाऊन किलोमीटर आले त्याला किती वर्षं झाली, पण एसटीत अजून 'दहावा मैल उतरणारे पुढे या' असंच ऐकू येतं. ओझरचं पण बघा, मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाला 'ओझर मिग' म्हणायला लागले. गावाला नाव चिकटायला एक मैलाचा दगड पुरतो, नाहीतर एक विमान.

सातपूरकर

नांदूर मध्यमेश्वर तर आता जगाच्या नकाशावर आहे. २०२० मध्ये पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. पण धागा भरकटतोय. ताई, तिरक्या उजेडाचं काय झालं?

तांबटलेन

काल रात्री केलं. नवा फोटो जोडलाय. काय सांगू! प्रत्येक गावापुढे उभ्या बारीक रेघा आहेत, शाईच्या नाहीत, पेन्सिलीच्या. आजवर कुणालाच दिसल्या नव्हत्या. शहापूर एक, खर्डी दोन, कसारा पाच (चार उभ्या, एक आडवी), इगतपुरी दोन, घोटी एक, गोंदे दुमाला एक, वाडीवऱ्हे एक, विल्होळीपुढे काहीच नाही. हे पैसे असतील का? टोल?

रेल्वेरूळ

मला एक शंका आहे. 'कसारा उलटी' हे रेल्वेबद्दल नसेल ना? कसारा-इगतपुरीमधल्या थळ घाटात पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका (३७ फुटांना १ फूट) की सरळ रूळ टाकायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि ती उलट्या दिशेनं निघायची. तुमचे पणजोबा आधी रेल्वेनं गेले असतील आणि स्टेशनं लिहिली असतील.

घोटीकर

दादा, रिव्हर्सिंग स्टेशनचं खरं आहे, पण यादी रेल्वेची नाही. शहापूरला स्टेशनच नाही, ते आसनगावला. आणि घोटीनंतर रेल्वे पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली अशी जाते. गोंदे, वाडीवऱ्हे, विल्होळी यातलं एकही रुळावर नाही. ही माणसं रस्त्यानंच आली.

रेल्वेरूळ

पटलं. शहापूरचं माझ्या ध्यानात आलं नाही.

मॅग्नेटो

ताई, मी दोन दिवस या धाग्याशिवाय दुसरं काही करत नाहीये. तो नवा फोटो मोठा करून बघितला आणि मग पुढची बाजू पुन्हा उघडली. फळीवरची कळशी नीट बघा. तिच्या गळ्याला काय आहे?

तांबटलेन

दोरी. जाड, दोन-तीन वेढे.

मॅग्नेटो

पूजेच्या कळशीला दोर कशाला? ही विहिरीवर पाणी शेंदायची कळशी आहे. आणि ती गाडीच्या फळीवर आहे, कारण ती गाडीसाठी आहे.

मॉडेल टी ला पाण्याचा पंप नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड खाली येतं, तेवढ्यावरच रेडिएटर चालायचा. सपाटीला ठीक. चढाला इंजिन तापतं, गाडी हळू म्हणून वारा लागत नाही, आणि पाणी उकळून झाकणातून वाफ व्हायला लागते. मग थांबा, निवू द्या, पाणी भरा. तुमच्या त्या रेघा म्हणजे कळशा आहेत असं मला वाटतं. शहापूरला एक, खर्डीला दोन, घाटात पाच, वर इगतपुरीला दोन, मग उतार आणि सपाटी लागल्यावर एकेक. विल्होळीला घर आलंच म्हणून काही नाही. घाट कुठे आहे ते त्या रेघांवरूनच कळतं!

आता 'उलटी'. उलटी कुणाला झाली नव्हती ताई. गाडी उलटी चढली.

टी ची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असायची आणि पेट्रोल पुढे इंजिनाकडे नुसत्या उतारानं जायचं, त्यालाही पंप नाही. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि गाडीचं नाक चढाला वर झालं की टाकी खाली, कार्ब्युरेटर वर. पेट्रोल पोचत नाही, गाडी बंद. यावर तेव्हाचे ड्रायव्हर एकच उपाय करायचे. गाडी वळवायची आणि मागच्या बाजूनं चढवायची. मग टाकी वर येते. शिवाय टी चा रिव्हर्स गिअर पहिल्या गिअरपेक्षा जास्त ताकदीचा, पहिला पावणेतीनला एक आणि रिव्हर्स चाराला एक. जगभर टी अशा चढवल्या गेल्यात.

सातपूरकर

अख्खा कसारा घाट रिव्हर्समध्ये? मान मोडेल माणसाची.

मॅग्नेटो

अख्खा नसेल. टी ला तीन पेडल होती आणि मधलं रिव्हर्सचं. ते पायानं दाबूनच ठेवावं लागायचं, सोडलं की संपलं. इतका वेळ पाय टिकणार नाही. आणि बैलगाड्या जाणारा रस्ता होता, सगळीकडे सारखा खडा नसणार. एखाद-दोन वळणं असतील जिथे गाडी बंद पडली असेल. पण ज्यानं ते केलं तो ते लिहून ठेवणारच.

मोडीप्रेमी

नव्या फोटोत 'कसारा' आणि 'उलटी' यांच्या मध्ये आणखी एक अक्षर आहे असं मला आधीपासून वाटत होतं, वाळवीचं भोक समजून सोडून दिलं होतं. आता तिरक्या उजेडात दिसतंय. 'मो०' आहे. मोडीत शब्द आखूड करायचा तर असं टिंब किंवा शून्य देतात. मो० म्हणजे मोटार. 'कसारा मो० उलटी.'

घोटीकर

आणखी एक. हारात झेंडूबरोबर मधूनमधून काय लोंबतंय ते बघा. भाताच्या लोंब्या आहेत. आमच्याकडे दसऱ्याच्या तोरणाला लावतात, नवा भात तेव्हा निसवून भरत आलेला असतो. नाशिक शहरात त्या कुठून येणार? घोटीला कळशी भरायला थांबले तेव्हा कुणीतरी शेतातून काढून गाडीला बांधल्या असतील. मला तो माणूस आमच्यातलाच वाटतो.

निफाडची लेक

म्हणजे मुंबईहून नवी मोटार घेऊन येतानाचा प्रवास, दसऱ्याच्या सुमाराचा, आणि घरी पोचल्यावर काढलेला फोटो. मागे वाटेतली गावं आणि किती पाणी लागलं त्याचा हिशेब. भांड्यांचा व्यापारी माणूस, मोजणारच. दोन लहान मुलांना घेऊन पाच वेळा घाटात थांबले असतील. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

तांबटलेन

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळं वाचून आईला सविस्तर सांगितलं. ती ८१ वर्षांची आहे, लग्न होऊन या घरात आली तेव्हा आजोबा होते. मो० उलटी ऐकल्यावर ती एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, म्हणून ते तसं म्हणायचे!"

आजी रुसली की भिंतीकडे तोंड करून निजायची. आजोबा दारात उभे राहून म्हणायचे, "कसारा लागला वाटतं आज." आणि थोड्या वेळानं स्वतःच स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणून तिच्या उशाशी ठेवायचे. आईला वाटायचं, कसारा म्हणजे मळमळ, पित्त, तसलं काहीतरी, कारण घरात उलटीची गोष्ट होतीच. ती आजीला लिंबू-सरबत करून द्यायची. पाठ फिरवून चढणारी मोटार आणि तिला पाजलेलं पाणी आजोबांनी मागच्या सीटवरून बघितलं होतं, हे आम्हाला आज कळलं.

काकांनी लिहिलेली पेन्सिलची ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली वेगळ्या कागदावर खरी गावं लिहून फोटोसोबत ठेवलीत, आणि कुणी वाचली तेही. कळशी मात्र ट्रंकेत नव्हती. आई म्हणते ती अजून वापरात आहे, धाकट्या काकूंकडे देवघरात. गळ्याशी दोराचे घासल्याचे चर आहेत, ते काय म्हणून कुणी विचारलं नव्हतं. यंदा दसऱ्याला आईला घेऊन शहापूरपासून नाशिकपर्यंत जुन्या रस्त्यानं यायचं ठरवलंय, कळशी बरोबर घेऊन.

घोटीकर

घोटीला थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही ताई. लोंब्या काढून ठेवतो. आईंना चहा आमच्याकडे, आणि पाणी आमच्या विहिरीचं.